‘मला जमणार नाही’ या वाक्याची उलटतपासणी

ओरलच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी अभियांत्रिकी कॉलेजातल्या लॅबबाहेरचा पॅसेज पाहण्यासारखा असतो. जर्नल छातीशी धरलेली पोरं भिंतीला टेकून उभी असतात. आतून कोणी बाहेर आलं की त्याच्याभोवती घोळका जमतो. ‘काय विचारलं?’, ‘एक्स्टर्नल कसे आहेत?’, ‘मराठीत बोलू देतात का?’ उत्तर काहीही आलं तरी धाकधूक वाढतेच. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, कडक असले तर त्यांची भीती, आणि सोपे प्रश्न विचारत असले तर ‘एवढं सोपंही आपल्याला आलं नाही तर?’ याची भीती.

या रांगेत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांचा अभ्यास पुष्कळदा सारखाच असतो. एकाच रूमवर, एकाच नोट्सच्या झेरॉक्सवरून केलेला. तरी एक जण आत जाऊन पाचांतल्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन येतो आणि दुसऱ्याला स्वतःच्या प्रोजेक्टचं नावसुद्धा धड सांगता येत नाही. हात दोघांचेही गार पडलेले असतात. आत जाण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत दोघं स्वतःशी काय बोलत होते, ते मात्र वेगळं असतं.

रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक भाग शरीराचा: धडधड, घाम, पोटात गोळा, कोरडा घसा. दुसरा विचारांचा: ‘नापास झालो तर’, ‘बाकीच्यांचं झालंय, माझंच राहिलंय’, ‘घरी काय सांगू’. त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांत असं आढळलं, की गुण कमी होण्याशी जास्त संबंध या दुसऱ्या भागाचा असतो. कारण समजायला कठीण नाही. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टींना मर्यादा असते. गणित सोडवताना मधल्या पायऱ्या लक्षात ठेवायला जी जागा लागते, तीच जागा ‘बाबांना काय तोंड दाखवू’ हा विचार अडवून बसतो.

गंमत अशी, की घरोघरी इलाज चालतो तो पहिल्या भागावर. पाणी पी, दीर्घ श्वास घे, देवाला नमस्कार कर, टेन्शन घेऊ नकोस. श्वासाचा उपयोग होतोच, नाही असं नाही. पण हाताची थरथर थांबली तरी डोक्यातलं बोलणं चालूच राहतं, आणि तिकडे कोणी फारसं बघत नाही.

या बोलण्याकडे ज्यांनी आयुष्यभर बघितलं त्यांतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे आणली. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ हे पुस्तक मराठी वाचकांनी वाचलेलं आहे. डॉ. आनंद नाडकर्णी आणि ठाण्याच्या ‘आयपीएच’ या संस्थेनेही हा विचार व्याख्यानांतून आणि कार्यशाळांतून सर्वसामान्य माणसांपर्यंत नेला आहे.

खुद्द एलिस एकोणीस वर्षांचे असताना, म्हणजे कॉलेजच्या वयातच, मुलींशी बोलायला इतके घाबरायचे की तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्यांनी स्वतःला एक कामगिरी दिली. ब्रॉंक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायचं. त्यांच्या सांगण्यानुसार १३० जणींपैकी ३० जणी उठून निघून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एक भेटायला तयार झाली आणि तीही ठरल्या वेळी आली नाही. निकाल लावायचा तर साफ नापास. पण कोणी आरडाओरडा केला नाही, पोलिसांना बोलावलं नाही, आभाळ कोसळलं नाही. आणि शेकडा भरल्यावर बोलण्याची भीती बरीचशी ओसरली होती. (आजच्या वाचकाने हा प्रयोग जसाच्या तसा करू नये. बागेत शांत बसलेल्या अनोळखी बाईला गाठणं हा तिच्यासाठी त्रासच आहे. धडा घ्यायचा तो नकार पचवण्याचा.)

एलिस यांचं म्हणणं असं, की घटनेमुळे थेट चिंता निर्माण होत नाही. मध्ये आपण त्या घटनेबद्दल धरलेली एक समजूत असते. ‘ओरल चांगली व्हावी’ ही इच्छा झाली. तिच्यामुळे माणूस रात्री थोडा जागतो आणि अभ्यास करतो. ‘ओरल चांगली व्हायलाच हवी, नाही झाली तर मी कसल्याच लायकीचा नाही’ हा स्वतःवर काढलेला हुकूम झाला, आणि त्याच्यामुळे तो पुस्तक उघडून नुसता बसून राहतो. त्याच काळात फिलाडेल्फियात ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाला आपल्या रुग्णांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. हे विचार इतके झटपट येऊन जातात की ज्याच्या मनात येतात त्याला ते विचार वाटतच नाहीत, वस्तुस्थिती वाटते. म्हणून कोणी विचारलं, ‘कसली भीती वाटतेय?’ की बहुतेक विद्यार्थी म्हणतात, ‘माहीत नाही, अशीच वाटतेय.’

त्या ‘अशीच’च्या आत काय दडलेलं असतं, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एम-थ्रीचा पेपर अवघड गेला. (पुण्याकडे दुसऱ्या वर्षाच्या गणिताला एम-थ्री म्हणतात, आणि त्याच्या दंतकथा पहिल्या वर्षापासून कानावर पडत असतात.) परीक्षा हॉल ते रूम एवढ्या चालण्यात डोक्यात साखळी तयार होते. विषय राहणार. केटी लागणार, म्हणजे पेपर पुन्हा द्यावा लागणार. केटी म्हणजे प्लेसमेंट गेली. प्लेसमेंट नाही म्हणजे नोकरी नाही, शिक्षणासाठी काढलेलं कर्ज फिटणार नाही, गावात तोंड दाखवायला जागा नाही. पेपरमधल्या एका न सुटलेल्या प्रश्नापासून घराच्या अब्रूपर्यंत पोचायला पंधरा मिनिटं पुरतात.

इथे ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणारे लोक विद्यार्थ्याचं नुकसान करतात, असं स्पष्ट म्हणायला हवं. कारण साखळीतल्या पहिल्या दोन-तीन कड्या खोट्या नाहीत. विषय राहू शकतो. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या लाइव्ह बॅकलॉग (न सुटलेले विषय) असलेल्यांना फेरीला बसू देत नाहीत, हेही खरं आहे. ‘सगळं छान होईल’ या वाक्यावर त्या पोराचा विश्वास बसत नाही, आणि बसू नयेच. साखळी तपासायची असते ती कडी-कडीने. बॅकलॉग पुढच्या परीक्षेत निघतो आणि निघाला की तो लाइव्ह राहत नाही. कॅम्पसबाहेरूनही नोकऱ्या मिळतात, थोड्या उशिरा आणि जास्त खटपटीने. आणि गावातली माणसं? त्यांतल्या निम्म्यांना एम-थ्री म्हणजे काय हेच ठाऊक नसतं.

साखळीखेरीज आणखीही काही खोडी ओळखीच्या आहेत. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं गृहीत धरणं: मॅडमनी वर पाहिलं नाही, म्हणजे माझं उत्तर त्यांना आवडलं नाही. (मॅडम हजेरीपट भरत असतात.) चांगलं झालेलं खात्यात न धरणं: पहिल्या सेमला आठ पॉइंटर आला तो ‘पेपर सोपे होते म्हणून’, आणि दुसऱ्या सेमला सहा आला तो मात्र ‘माझी खरी लायकी’. मग तुलना. अभ्यासिकेत शेजारचा सकाळी सातला येतो हे दिसतं. तो आठ ते दहा मोबाइलवर असतो हे दिसत नाही.

मराठी माध्यमातून किंवा तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आलेल्यांच्या बाबतीत या सगळ्याला एक वेगळी धार येते. बारावीपर्यंत वर्गात पहिल्या तिघांत असलेला मुलगा इथे येतो तेव्हा वर्गातला जवळपास प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिल्या तिघांत असलेलाच असतो. त्यात शेजारच्या बाकावरून फाडफाड इंग्रजी ऐकू येतं. इंग्रजी बोलता येणं आणि विषय समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला वर्षभर उमगत नाही. आपण चुकून इथे आलोय, एक दिवस सगळ्यांना ते कळेल, असं त्याला वाटत राहतं. पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या भावनेवर लिहिलं ते मोठमोठ्या पदव्या मिळवलेल्या, नाव कमावलेल्या स्त्रियांविषयी. त्यांनाही आपण लोकांना फसवून इथवर आलो असंच वाटत होतं. तेव्हा ही भावना लायकी नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. एक साधी वही घ्यावी. मोबाइलवर टिपण करण्यापेक्षा हाताने लिहिलेलं बरं, कारण मोबाइल उघडला की माणूस भलतीकडे जातो. चिंता जोरात असेल तेव्हा पानाच्या वर एका ओळीत घटना लिहावी: ‘उद्या ओरल.’ खाली डोक्यात येणारं वाक्य, न सुधारता, जसं येतं तसं: ‘मला इंग्रजीत एक वाक्यही बोलता येणार नाही, सर हसतील, माझी लायकी सगळ्यांना कळेल.’ समोर चिंता शंभरपैकी किती, तो आकडा. समजा ९०.

मग उलटतपासणी. या एका वाक्यात तीन वेगळे आरोप आहेत. ते सुटे करावेत. ‘एक वाक्यही येणार नाही’: गेल्या सेमच्या ओरलला काय झालं होतं? अडखळत का होईना, चार-पाच उत्तरं दिली होती. म्हणजे ‘एकही’ खोटं, ‘अडखळेन’ खरं. ‘सर हसतील’: आजवर किती ओरल दिल्या, त्यांत किती परीक्षक हसले? एखादा हसला असेल, तर त्यानंतर गुण किती पडले? ‘लायकी कळेल’: हा आरोप मुळात तपासण्याजोगाच नाही. दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत एका विषयाची तयारी कळते, अख्ख्या माणसाची किंमत कळत नाही. एलिस यांचा सगळा भर याच मुद्द्यावर होता: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका.

शेवटी नवं वाक्य लिहावं, आणि ते खरं वाटेल असंच असावं. ‘मी अडखळेन. व्याख्या आणि सर्किट मला समजावता येतं. अगदीच अडलो तर मराठीत सांगू का असं विचारेन. दोन प्रश्न चुकले तर गुण जातील. ते मला आवडणार नाही, पण निभावेल.’ यात कुठेही ‘मी सर्वोत्तम आहे’ नाही. आकडा पुन्हा लिहावा. ९०चा ६५ झाला तरी काम झालं, कारण ६५ वर पुस्तक वाचता येतं. तो शून्य झाला पाहिजे हा आणखी एक हुकूमच ठरतो. पहिल्या आठवड्यात हे सगळं कृत्रिम वाटतं, पुढे ते डोक्यातल्या डोक्यात जमू लागतं.

‘सगळे माझ्याकडे बघतायत’ हे वाक्य तपासायला एक प्रयोग हाताशी असलेला बरा. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्या विद्यार्थ्यांना वाटलं, खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी शर्टावरचं चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सेमिनारला उभं राहिल्यावर आवाज कापला, तर तोही शर्टासारखाच आपल्याला मोठा दिसतो. मागच्या बाकांवरची मंडळी आपला नंबर कधी लागतो या काळजीत असतात.

वाक्य तपासून झालं, तरी अर्धं काम उरतंच. ‘मला जमेल’ हे कुठून आणायचं?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचा सिद्धान्त मांडला, त्यात एक महत्त्वाचा बारकावा होता. हा विश्वास सरसकट नसतो, एकेका कामापुरता असतो. पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीत भरल्या प्रेक्षागृहासमोर बेधडक उभा राहणारा मुलगा फळ्यासमोर गणित सोडवताना गारठतो, आणि वर्गात तोंड न उघडणारी मुलगी कोडिंगच्या स्पर्धेत तासन्‌तास एकटी झुंजते. म्हणून ‘माझा आत्मविश्वास कमी आहे’ हे निदान फारसं कामाचं नाही. कोणत्या कामाबाबत कमी आहे? ओरलमध्ये इंग्रजी बोलण्याबाबत? गणिताच्या पेपरात वेळ पुरण्याबाबत? प्रश्न इतका नेमका केला की उपायही नेमका सापडतो.

न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठात बहुतांशी स्थलांतरित आणि अल्पसंख्य घरांतल्या पहिल्या वर्षाच्या १०७ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुणांचा अंदाज बांधायला ताणाच्या मोजमापापेक्षा ‘हे शैक्षणिक काम मला जमेल’ या विश्वासाचं मोजमाप जास्त उपयोगी ठरलं. अभ्यास लहान आहे, आणि विश्वासामुळे गुण आले की आधीच्या गुणांमुळे विश्वास, हे अशा अभ्यासातून पुरतं सुटं करता येत नाही. पण घरातल्या पहिल्या पदवीधराची धडपड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल.

बंडुरांचे या विश्वासावरचे गाजलेले प्रयोग सापाला घाबरणाऱ्या प्रौढांवर केलेले होते. काहींना दुसऱ्या व्यक्तीला साप हाताळताना फक्त बघायला लावलं. काहींकडून मदतनीसाच्या साथीने टप्प्याटप्प्याने स्वतः हाताळून घेतलं. नुसतं बघणाऱ्यांनाही फायदा झाला, पण स्वतः करणारे बरेच पुढे गेले. विश्वासाच्या चार उगमांत बंडुरांनी पहिलं स्थान दिलं ते याला: स्वतः करून पाहिलेलं आणि जमलेलं काम. त्यानंतर आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला तरी ते जमताना पाहणं. तोंडी शाबासकी आणि शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ हे उरलेले दोन.

आपल्याकडची सगळी गुंतवणूक शाबासकीत असते. ‘तू हुशार आहेस, तुला जमेलच,’ असं फोनवर आई म्हणते, मामा म्हणतात, क्लासवाले सर म्हणतात. त्यात प्रेम असतं. पण आदल्या रात्री घाबरलेल्या मुलाला त्या ‘जमेलच’चं ओझं होतं, आता न जमणं म्हणजे आईलाही खोटं पाडणं. त्याऐवजी ‘आज कोणता भाग झाला? कुठे अडलंय?’ असं विचारलं तर बोलणं कामावर येतं. टॉपरचं व्याख्यान ठेवण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातून आलेला, दोन केट्या काढून तिसऱ्या वर्षाला पोचलेला सीनियर तासभर भेटवला, तर ‘आपल्यासारखा’ या शब्दाला अर्थ येतो.

ओरलपुरती चढण अशी करता येईल. सुरुवातीचे तीन-चार दिवस रोज एक प्रयोग निवडून त्याचं तत्त्व मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो, तरी एकदा ऐकायचा. पुढे रूममेटला समोर बसवून त्याला जर्नलमधून प्रश्न विचारायला लावायचे. नंतर दोघा-तिघांचा गट करून एकाने एक्स्टर्नल व्हायचं, आणि त्याने मुद्दाम मध्येच तोडायचं, भुवया उंचवायच्या. शेवटी लॅबमधल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना दहा मिनिटं मागायची. बरेच शिक्षक देतात, विचारणारेच कमी असतात. ‘हे मला आत्ता आठवत नाही सर, पण याच्याशी संबंधित एवढं सांगू शकतो’ हे वाक्यही मोठ्याने घोकून ठेवावं, मराठीत आणि इंग्रजीत. उत्तर न येण्याच्या क्षणीच डोक्यातली साखळी सुरू होते. तेव्हा तोंडात तयार वाक्य असलं की ती तिथेच अडते.

पायरी फार उंच वाटली तर मध्ये आणखी एक घालावी. पायरी गाळून पळ काढणं मात्र महागात पडतं. सेमिनारच्या दिवशी आजारी पडलं की संध्याकाळपर्यंत इतकं हलकं वाटतं की मन पुढच्या वेळीही तोच उपाय सुचवतं. आणि ‘गेलो असतो तर निभावलं असतं’ हे कळायची संधी हातची जाते. सबमिशन शेवटच्या रात्रीवर ढकलणं, गटात प्रेझेंटेशन दुसऱ्याच्या गळ्यात घालणं, ‘पूर्ण तयारी झाली की बसेन’ म्हणत पेपरच न देणं, ही सगळी याच पळण्याची रूपं.

पळण्याचं एक रूप तर अभ्यासासारखंच दिसतं: तेच पान परत परत वाचणं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पुढे किती लक्षात राहील असं विचारल्यावर जास्त खात्री होती ती वाचणाऱ्या गटाला. आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तेव्हा विश्वास वाटतोय एवढ्यावर भागत नाही, तो कशातून आलाय हेही बघावं लागतं. पुस्तक मिटून जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणं सुरुवातीला मनाला लागतं, चिंता थोडी वाढवतंही. पण परीक्षेला बसताना असा सराव केलेल्या मुलाजवळ ‘मागच्या तीन पेपरांत मला इतके गुण पडत होते’ असा आकडा असतो.

शरीराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. परीक्षेच्या आठवड्यात रात्री दोनला घेतलेला कटिंग, त्यावर एनर्जी ड्रिंक आणि चार तासांची झोप, एवढ्यावर धडधड वाढणारच. मग मन त्या धडधडीचा अर्थ ‘मी घाबरलोय, म्हणजे माझी तयारी नाही’ असा लावतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली लोकांसमोर गाणं, भाषण आणि गणित अशा तीन कामांत एक युक्ती तपासली. काम सुरू करण्याआधी स्वतःला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. धडधडतं हृदय हुकमाने शांत करणं अवघड. तीच धडधड तयारीची आहे असं समजणं तुलनेने सोपं.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढावी, हा सल्लाही हल्ली सर्रास दिला जातो. त्याचं मूळ २०११ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात आहे. तो २०१८ साली इतर संशोधकांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. लिहून बरं वाटत असेल तर जरूर लिहावं, कागदाला पैसे पडत नाहीत. पण अभ्यासाच्या जागी ते बसवू नये.

आता एक गोष्ट, जी अशा लेखांत बहुधा शेवटच्या ओळीत उरकली जाते. प्रत्येक चिंता विचारांच्या सवयीतून येत नाही. मेसचे पैसे थकलेत, शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नाही, हॉस्टेलवर सीनियर रात्री उठवून छळतात, आडनावावरून टोमणे मारले जातात. अशा मुलाला ‘तुझा दृष्टिकोन बदल’ सांगणं हा निर्दयपणा आहे. तिथे बदलायची असते ती परिस्थिती. रॅगिंगविरुद्ध यूजीसीचे २००९चे नियम आहेत आणि १८००-१८०-५५२२ ही मोफत हेल्पलाइन आहे. भाषेच्या अडचणीवर थोडी वाट मोकळी झाली आहे: २०२१पासून एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे. अशा कॉलेजांची संख्या अजून थोडी आहे.

आणि काही वेळा वही पुरत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत एकदम दाटून आल्यासारखं होऊन आता मरतो की काय असं वारंवार वाटतं, वर्गात पाऊल टाकवत नाही, दारू-सिगारेटशिवाय रात्र सरत नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात. यांतलं काहीही असेल तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठावा, आणि शेवटच्या लक्षणाला तर उद्याचीही वाट पाहू नये. मित्राच्या बोलण्यात ते जाणवलं तर त्याला एकटं न सोडता सरळ विचारावं. तसं विचारल्याने असे विचार डोक्यात घातले जातात, हा गैरसमज आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक नेमायचा आहे. कॉलेजात तो नसेल, किंवा नोटीस बोर्डावर नाव असून खोलीला कुलूप असेल, तर विद्यार्थी प्रतिनिधीने प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

खासगी समुपदेशकाची फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार ओपीडीत जावं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार ऑगस्ट २०२३पासून मोफत आहेत. गर्दी असते, नंबर लावावा लागतो. डॉक्टरांना वेळ थोडा मिळतो, म्हणून कधीपासून होतंय, झोप किती लागते, कोणत्या प्रसंगी वाढतं, घरात कोणाला असा त्रास होता का आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत, एवढं घरूनच चिठ्ठीवर लिहून न्यावं. वरची वही भरलेली असेल तर तीही सोबत असू द्यावी. त्यातली दोन पानं पाहिली की डॉक्टरांचे अर्धे प्रश्न वाचतात.